मॉस्कोतल्या १४ पेनल्टी आणि एक चिठ्ठी

चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा २००८ चा अंतिम सामना मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी यांच्यात मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियमवर झाला. तारीख २१ मे, पण तिथे खेळ रात्री पावणेअकराला सुरू झाला. म्हणजे आपल्याकडे तारीख पालटून सव्वाबारा झाले होते. टायब्रेकर, म्हणजे बरोबरी फोडायला दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पेनल्टी, सुरू व्हायला पहाटेचे जवळपास तीन वाजले. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत त्या वेळीही दोन-तीन घरांतले दिवे चालू होते. कोल्हापूरकराला टायब्रेकर नवा नाही. शाहू स्टेडियमवर हंगामात कितीतरी सामने टायब्रेकरवर सुटतात आणि बऱ्याचदा गोलकीपरला समोरच्याचा पाय लहानपणापासून ठाऊक असतो. त्यामुळे त्या पहाटे जे दिसलं ते लगेच खटकलं होतं. त्याचं कारण मात्र पुढे बऱ्याच काळाने कळलं.

चेल्सीचा सातवा खेळाडू निकोलस अनेल्का चेंडू ठेवत होता. मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर एडविन व्हान डर सार गोलरेषेवर उभा होता. त्याने दोन्ही हात पसरले आणि डाव्या हाताने स्वतःच्या डाव्या बाजूकडे बोट दाखवलं. तुम्ही सगळे इकडेच मारताय ना, असा तो सरळ इशारा होता. अनेल्काने उजवीकडे मारला. व्हान डर सार उजवीकडेच झेपावला आणि त्याने चेंडू अडवला. युनायटेड ६-५ ने जिंकलं.

(पुढे डावी-उजवी म्हणताना सगळीकडे गोलकीपरची डावी-उजवी धरली आहे. नाहीतर या प्रकरणात हमखास गोंधळ होतो.)

त्या बोटामागे एक चिठ्ठी होती, आणि ती व्हान डर सारने कधी पाहिलेली नव्हती. ती चेल्सीकडे होती.

इग्नासिओ पालासिओस-हुएर्ता हा स्पेनच्या बास्क भागातला अर्थशास्त्रज्ञ. तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होता. त्याला फुटबॉलचं वेड होतंच, पण पेनल्टीकडे त्याचं लक्ष गेलं ते गेम थिअरीमुळे, म्हणजे डावपेचांच्या गणितामुळे. दोन प्रतिस्पर्धी एकाच क्षणी निर्णय घेतात, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये अशा लढतींचं गणित मांडलं होतं. ते खऱ्या आयुष्यात तपासायला पेनल्टीइतकी स्वच्छ जागा सापडणं कठीण. पालासिओस-हुएर्ताने युरोपातल्या व्यावसायिक सामन्यांतल्या १,४१७ पेनल्टी नोंदवल्या आणि २००३ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. पुढेही तो नोंदी वाढवत राहिला. मॉस्कोच्या सामन्याआधी ओळखीतून त्याचा संबंध चेल्सीचे प्रशिक्षक अव्राम ग्रँट यांच्याशी आला, आणि त्याने युनायटेडविरुद्ध टायब्रेकर झालाच तर काय करावं हे लिहून पाठवलं.

त्या टिपणात चार गोष्टी होत्या. पहिली व्हान डर सारबद्दल: तो मारणाऱ्याच्या नैसर्गिक बाजूला गरजेपेक्षा जास्त वेळा झेपावतो. दुसरीही त्याच्याबद्दलच: त्याने अडवलेले बहुतेक चेंडू मध्यम उंचीचे असतात, तेव्हा चेंडू जमिनीलगत मारा किंवा वर मारा, मधल्या उंचीवर नको. तिसरी क्रिस्तियानो रोनाल्डोबद्दल: तो धावता धावता मध्येच थबकतो, थबकला की बहुतेक वेळा उजवीकडे मारतो, आणि गोलकीपर आधी हलला तर त्याच्या उलट बाजूला मारतो. तेव्हा त्याच्यासमोर आधी हलू नका. चौथी नाणेफेकीबद्दल: जिंकलात तर पहिली किक घ्या, कारण पहिला मारणारा संघ १०० पैकी ६० वेळा जिंकतो.

चौथी गोष्ट इथेच संपवतो. नाणेफेक युनायटेडच्या रिओ फर्डिनंडने जिंकली आणि पहिली किक युनायटेडने घेतली. पुढे इतर संशोधकांनी ५०० हून जास्त टायब्रेकर तपासले तेव्हा तो ६० चा आकडा ५३ च्या आसपास उतरला. थोड्या नोंदींवर काढलेला मोठा आकडा नोंदी वाढल्या की असा खाली येतो, हे विश्लेषकाने गृहीतच धरायला हवं.

खरा जीव पहिल्या गोष्टीत आहे, म्हणून ती नीट उलगडतो. नैसर्गिक बाजू म्हणजे काय? उजव्या पायाने मारणाऱ्याला चेंडू अंगावरून आडवा, म्हणजे गोलकीपरच्या उजवीकडे, जोरात आणि सहज मारता येतो. डाव्या पायाने मारणाऱ्याची नैसर्गिक बाजू गोलकीपरची डावी. चेंडू ११ मीटरवरून येतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत गोलात असतो. बघून मग झेपावायला गोलकीपरकडे वेळच नसतो. त्याला बाजू आधी ठरवावी लागते.

१,४१७ पेनल्टींचं कोष्टक असं आहे. खेळाडूने नैसर्गिक बाजूला मारलं आणि गोलकीपरही तिकडेच गेला, तर १०० पैकी ७० गोल होतात. तिकडे मारलं आणि गोलकीपर उलट गेला तर ९३. उलट बाजूला मारलं आणि गोलकीपर नैसर्गिक बाजूला गेला तर ९५. उलट बाजूला मारलं आणि गोलकीपरही तिकडेच आला तर फक्त ५८. शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गणित सांगतं की खेळाडूने साधारण ६१ टक्के वेळा नैसर्गिक बाजूला मारावं, उरलेल्या वेळी उलट. गोलकीपरने ५८ टक्के वेळा नैसर्गिक बाजूला झेपावावं. प्रत्यक्षात खेळाडू ६० टक्के आणि गोलकीपर जवळपास ५८ टक्केच तसं करत होते. कागद-पेन्सिल न घेता, नुसत्या अनुभवाच्या जोरावर! हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ त्यांच्याकडेच बघत बसलो होतो. या मेळात दोघांच्याही हाती शंभरातले ८० गोल येतात, आणि एकट्याने बाजू बदलून कुणालाच जास्त मिळवता येत नाही. मात्र बाजूंचं प्रमाण जुळलं म्हणजे झालं असं नाही, क्रमही ओळखता येता कामा नये. एकदा इकडे, एकदा तिकडे असं ठरवून मारणाऱ्याचं प्रमाण बरोबर असेल, पण तो लगेच सापडतो.

आता व्हान डर सारकडे येऊ. तो ५८ पेक्षा जास्त वेळा नैसर्गिक बाजूला जात होता. किती जास्त, ते सोडून देऊ. समजा ६५ टक्के. मी कोष्टक घेऊन हिशेब केला: अशा गोलकीपरला सगळ्यांनी उलट बाजूला मारलं तर शंभरातले ८२ गोल होतात. म्हणजे ८० च्या जागी ८२. ही चिठ्ठीची कमाई. सात किकांत ती एका गोलाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी भरते. आणि गोलकीपरला डाव कळला, तो उलट बाजूलाच येऊन थांबला, तर? ८० चे ५८. मिळवायचे दोन आणि गमवायचे बावीस.

चिठ्ठीतला सल्ला चुकीचा होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याला एक मुदत होती, एवढंच.

त्या रात्रीची स्थिती थोडक्यात सांगतो. २६ व्या मिनिटाला रोनाल्डोने हेडरवर गोल केला, मध्यंतराच्या तोंडावर फ्रँक लँपार्डने बरोबरी साधली. १-१ वर नियमित वेळ संपली, जादा वेळही गेली. ११६ व्या मिनिटाला दिदिए द्रोग्बाने नेमान्या विदिचला चापट मारली आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. तो असता तर पाचवी किक त्याची होती. ती जॉन टेरीकडे आली. पाऊस पडत होता. लुझनिकीवर एरवी कृत्रिम गवत असे. या सामन्यासाठी त्यावर नैसर्गिक गवत अंथरलं होतं, आणि १२० मिनिटांनंतर ते ठिकठिकाणी उखडलं होतं.

युनायटेडकडून तेवेझ आणि कॅरिकचे गोल झाले. चेल्सीकडून बालाक आणि बेलेत्तीचे. बालाक डावीकडे, बेलेत्ती डावीकडे. दोघे उजव्या पायाचे. चिठ्ठीबरहुकूम.

मग रोनाल्डो आला. धावला, मध्येच थबकला. चेल्सीचा गोलकीपर पेट्र चेक हलला नाही. त्या क्षणी गोलरेषेवर निश्चल उभं राहणं किती अवघड असतं, हे गोलात उभ्या राहिलेल्यालाच कळेल. अंगातली प्रत्येक नस कुठेतरी झेप घे म्हणत असते. चेक थांबला. रोनाल्डोने उजवीकडे मारला, चेक उजवीकडे गेला आणि चेंडू अडवला. टिपणातला तिसरा मुद्दा जसाच्या तसा मैदानावर उतरला. लगेच लँपार्डने डावीकडे मारून गोल केला आणि चेल्सी पुढे गेली.

हारग्रीव्ह्जने गोल केला आणि चेल्सीची चौथी किक ॲश्ली कोलकडे आली. त्या सात जणांत डाव्या पायाने मारणारा तो एकटाच. त्याची नैसर्गिक बाजू गोलकीपरची डावी, म्हणजे चिठ्ठीनुसार त्याने उजवीकडे मारायला हवं होतं. त्याने डावीकडे मारला. व्हान डर सार नेमका तिकडेच गेला, त्याचे हातही लागले, पण ओला चेंडू हातावरून निसटून आत गेला. गोल झाल्यामुळे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली या किकमध्ये आहे. चिठ्ठीतलं वाक्य ‘नैसर्गिक बाजूच्या उलट मारा’ असं होतं. ते खेळाडूंपर्यंत नेमकं कोणत्या शब्दांत पोचलं हे किकांवरूनच ताडावं लागतं, आणि किका सांगतात ‘डावीकडे मारा’. सहा जणांसाठी दोन्ही वाक्यांचा अर्थ एक. सातव्यासाठी अगदी उलट. सामन्याआधीच्या खोलीत, गडबडीत, अट गळून पडते आणि बाजू तेवढी उरते. क्लबातला असो की गल्लीतला, विश्लेषकाचा सगळ्यात मोठा घात इथेच होतो. आकडेवारीत ‘जर’ असतो. मैदानावर जाताना तो ‘जर’ कुणीतरी सोपं करण्यासाठी काढून टाकतं.

नानीने गोल केला. ४-४. आता टेरीने मारला की चषक चेल्सीचा. टेरीने डावीकडे मारायचं ठरवलं होतं. व्हान डर सार उजवीकडे झेपावला होता. म्हणजे चिठ्ठीने आपलं काम पुरं केलं होतं, गोलकीपर विरुद्ध बाजूला पडला होता, अर्धा गोल मोकळा होता. टेरीचा टेकवलेला पाय ओल्या गवतावर घसरला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. या किकवरून आजही कुणी ‘आकडेवारीने काय दिवे लावले’ असं म्हणालं तर मी त्याच्याशी भांडतो. निकाल चुकला म्हणून निर्णय चुकत नाही. टेरीचा निर्णय त्या रात्रीच्या उत्तम निर्णयांपैकी एक होता.

पाच-पाच किकांनंतरही बरोबरी, म्हणून सडन डेथ: आता एकेक किक, जोडीत एकाचा गोल झाला आणि दुसऱ्याचा हुकला की निकाल. अँडरसनने गोल केला. सलोमन कालूने डावीकडे मारून बरोबरी केली. गिग्जने गोल केला, युनायटेडकडून त्याचा हा ७५९ वा सामना, क्लबच्या इतिहासातला विक्रम. ६-५.

आता व्हान डर सारच्या जागी उभे राहा. सहा जण आले. सहाही डावीकडे. त्यात उजव्या पायाचेही होते आणि डाव्या पायाचाही. सहावा निघून गेल्यावर त्याला संगणक लागत नव्हता, शोधनिबंध लागत नव्हता. सातवा आला तेव्हा त्याने बोट दाखवलं.

अनेल्कापुढे काय होतं बघा. सांगितल्याप्रमाणे डावीकडे मारावा तर समोरचा डावीकडेच बोट दाखवतोय. तिकडेच थांबला तर ५८ चा आकडा. उजवीकडे मारावा तर ती त्याची नैसर्गिक बाजू, जिकडे व्हान डर सार मुळातच जास्त जातो. तो ९९ व्या मिनिटाला बदली म्हणून आला होता. बाजू बदलण्याचा निर्णय त्याला चेंडूपासून मागे सरकत, काही पावलांत घ्यायचा होता. त्याने उजवीकडे मारला आणि मध्यम उंचीवर मारला. चिठ्ठीतला दुसरा इशाराही तिथेच मोडला. ऐन वेळी बाजू बदलली की उंचीवरचा ताबा सुटतो. सरावात हे रोज दिसतं.

एकाच टिपणातल्या दोन मुद्द्यांची तुलना केली की प्रकरण स्वच्छ दिसतं. रोनाल्डोबद्दलची माहिती एकदाच वापरायची होती. रोनाल्डो एक किक मारणार, चेक थांबणार, संपलं. चेकचा डाव रोनाल्डोला कळला तेव्हा फार उशीर झाला होता. व्हान डर सारबद्दलची माहिती मात्र एकाच माणसावर, त्याच्या डोळ्यांदेखत, ओळीने सहा वेळा वापरली गेली. प्रत्येक किकबरोबर चेल्सी आपलं गुपित थोडं थोडं त्याच्या हातात देत होती.

म्हणूनच गोलकीपरकडच्या चिठ्ठ्या जास्त टिकतात. २००६ च्या विश्वचषकात बर्लिनला जर्मनी-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना टायब्रेकरवर गेला, तेव्हा जर्मनीचा गोलकीपर येन्स लेमन याच्या मोज्यात हॉटेलच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेली यादी होती. गोलकीपर प्रशिक्षक आंद्रेआस क्योप्केने दिलेली, सात नावांची. अर्जेंटिनाकडून प्रत्यक्ष मारायला आलेल्या चौघांपैकी दोघांचीच नावं तीत होती, अयाला आणि रॉड्रिगेझ. चौथा कांबियासो यादीत नव्हता. तरी लेमनने तो येताना चिठ्ठी काढली, शांतपणे वाचली, परत मोज्यात खोचली. आणि किक अडवली. जर्मनी ४-२ ने जिंकलं. कांबियासोला वाटलं असेल की याच्याकडे माझा सगळा इतिहास आहे. कागदावर त्याचा एक शब्दही नव्हता. २०२४ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या जॉर्डन पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर स्वित्झर्लंडच्या खेळाडूंची अशीच यादी होती. अकांजीपुढे डावीकडे झेप घ्यायची सूचना होती, पिकफर्ड डावीकडे गेला आणि त्याने चेंडू अडवला. मारणारा प्रत्येक वेळी नवा. शिकायला त्याला दुसरी संधीच नाही.

मारणाऱ्या संघाला मग चिठ्ठीचा उपयोग नाही का? आहे, आणि चांगला आहे, पण कामाची पद्धत वेगळी हवी. मी त्या रात्री चेल्सीच्या बाकावर असतो तर तीन गोष्टी केल्या असत्या, आणि आजही कुणी प्रशिक्षक विचारतो तेव्हा हेच सांगतो. एक, प्रत्येकाला त्याच्या पायाप्रमाणे त्याची स्वतःची सूचना, तोंडी नको, लिहून. कोलच्या कागदावर ‘उजवीकडे’ हा एकच शब्द. दोन, सातपैकी दोघांनी ठरवून नैसर्गिक बाजूला मारायचं, आणि ते कोणत्या क्रमांकाचे हे प्रशिक्षकाने मनाने ठरवायचं नाही. सात चिठ्ठ्या करून दोन उचलायच्या. माणसाने मनाने ठरवलेल्या क्रमात नेहमी काहीतरी नक्षी राहते, चिठ्ठ्यांमध्ये राहत नाही. तीन, उंचीचा सल्ला सगळ्यांना सारखा द्यायचा, कारण त्यातलं गुपित फुटलं तरी बिघडत नाही. जमिनीलगत कोपऱ्यात बसणारा चेंडू येतोय हे माहीत असूनही अडवणं कठीणच.

दुसऱ्या गोष्टीला खेळाडूंचा विरोध असतो, हे मी अनुभवाने सांगतो. आपली किक उचललेल्या चिठ्ठीने ठरवायची ही कल्पना त्यांना अपमानासारखी वाटते. आमच्याकडे सरावात एका मुलाला असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सर, मग माझा अंदाज कशाला?” त्याला दहा किका मनाने मारायला लावल्या, गोलकीपरला बाजूला नेऊन फक्त त्याच्या टेकवलेल्या पायाकडे बघायला सांगितलं. टेकवलेल्या पायाचा पंजा जिकडे वळलेला, तिकडे झेप. दहापैकी सात वेळा गोलकीपर बरोबर बाजूला गेला. मग बाजू मी चिठ्ठी उचलून ठरवली आणि पंजा दरवेळी सरळ ठेवायचा सराव आठवडाभर घेतला. बाजू ठरवण्याचं ओझं डोक्यावरून गेल्यावर त्याची किकही जमिनीलगत बसायला लागली.

मॉस्कोनंतर तीन दिवसांत ग्रँट यांना पद सोडावं लागलं. टेरीच्या पायाखालचं गवत दोन बोटं कोरडं असतं तर तेच ग्रँट चेल्सीला पहिला चॅम्पियन्स लीग चषक देणारे प्रशिक्षक ठरले असते, आणि ती चिठ्ठी क्लबच्या संग्रहालयात काचेमागे असती. कोलने चुकीच्या बाजूला मारला होता हे मग कुणी शोधलंच नसतं.